जीप उंच करताय? जरा थांबा!

चौघांनी वर्गणी काढून जुनी पाटेवाली जीप घेतली, की दुसऱ्याच दिवशी हॉस्टेलवर विषय निघतो, "हिला उंच करू या!" सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे लांब शॅकल. शॅकल म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी.

आता हिशेब बघा. दुसरे टोक जागेवरच राहते, म्हणून शॅकल २ इंच लांब केले तर गाडी साधारण १ इंचच उचलते. शिवाय पाटा तिरका होतो आणि त्याबरोबर अॅक्सलही फिरतो. पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटते.

त्यापेक्षा पाटेवाल्याकडे जा. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान द्या किंवा एकेक पाटा वाढवा. गाडी थोडी कडक होईल, पण अॅक्सलचा कोन फारसा बिघडणार नाही. यू-बोल्ट नवेच घाला. चाक लटकवून ब्रेकचा होज ताणला जातो का, तेही बघा.

आणि एक गंमत! पाटे कितीही उचला, डिफरेन्शियल जमिनीपासून होता तेवढाच राहतो. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर. व्यास २ इंच वाढला तर १ इंच. लिफ्टमुळे त्या टायरला जागा मिळते, इतकेच. उलट गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी कलंडायची भीती वाढते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ अशा फेरफारांबद्दलच आहे, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

उंची इंचभर कमी चालेल मित्रांनो, घाटात स्टिअरिंग ताब्यात हवे!