घरातली सक्युलंट : पाणी कमी, सब्र जास्त

नर्सरीतून हौसेने आणलेले जेडचे रोप दोन महिन्यांत पिवळे पडते, खोड मऊ होते आणि घरातली बाई म्हणते, "माझ्या हाताला झाडे लागतच नाहीत." दोष हाताचा नसतो. अशी बहुतेक रोपे जास्तीच्या पाण्याने जातात.

कोरफड मूळची अरबस्तानातली, जेड आणि हावर्थिया दक्षिण आफ्रिकेतली. कोरड्या मुलखातली ही झाडे पाणी पानांत साठवतात. दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात, म्हणून त्यांचे पाणी सहसा उडून जात नाही. उर्दूत कोरफडीला घीकवार म्हणतात आणि तिच्या वाळवलेल्या चिकाला मुसब्बर. अरबीत निवडुंगाला 'सब्बार' म्हणतात. दोन्ही शब्दांची मुळाक्षरे 'सब्र'चीच. या झाडांच्या निगराणीचे सारे सूत्र आम्हांला त्या एका शब्दात दिसते.

पाण्याचा वार ठरवू नये. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर थांबावे. माती कोरडी असेल तर खालच्या भोकातून पाणी गळेपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले लगेच ओतून टाकावे. उन्हाळ्यात ही वेळ साधारण आठ-दहा दिवसांनी येते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा दोन-तीन आठवडे पाणी लागत नाही.

कुंडी मातीची आणि भोकाची घ्यावी. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून निम्मी माती घ्यावी आणि निम्म्यात जाड वाळू व विटांचा चुरा मिसळावा. जागा पूर्वेच्या खिडकीची उत्तम. रोप लांबट होऊन एका बाजूला झुकू लागले, तर त्याला उजेड कमी पडतो आहे असे समजावे.

पाने काय सांगतात तेही ओळखता आले पाहिजे. पान सुरकुतले असेल आणि माती कोरडी असेल तर झाडाला तहान लागली आहे. पान पिवळट, पारदर्शक, पिळपिळीत झाले तर मुळे कुजू लागली आहेत. अशा वेळी वरचा निरोगी शेंडा स्वच्छ सुरीने कापावा, तीन-चार दिवस सावलीत ठेवावा आणि काप सुकल्यावर कोरड्या मातीत रोवावा. पहिले पाणी आठवड्याने द्यावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

घरात लहान मुले असतील तर एक खबरदारी घ्यावी. शेर आणि काटेरी युफोर्बिया यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. ही झाडे मुलांच्या हाती लागतील अशा ठिकाणी ठेवू नयेत.

मुलांना मात्र एक काम जरूर द्यावे. पानफुटीचे एक पान ओलसर मातीवर ठेवायला सांगावे. काही दिवसांत पानाच्या कडेने इवली रोपे फुटतात. तोवर पान उचलून उलटेपालटे करायचे नाही, एवढीच अट.