आधी भिंत, मग तार

घरातली यंत्रे : भाग ११

मुंबईची लोहार चाळ असो की पुण्याची तपकीर गल्ली, विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात ओव्हनचा एलिमेंट बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाची एक मागणी ठरलेली असते : ‘साइज हीच ठेवा, पण वॅट जरा जास्त द्या. लवकर तापला पाहिजे.’ दुकानदार वाकवलेली चकचकीत नळी काढतो, तिच्यावरचा आकडा दाखवतो आणि सौदा होतो. ओव्हन खरोखरच लवकर तापतो. मग हळूहळू नळीला बाक येतो, तिच्यावरून काळे पापुद्रे सुटतात आणि केक वरून करपून आतून कच्चा राहू लागतो.

कमी जागेत जास्त उष्णता हवी, ही मागणी वावगी नाही. फक्त तिचा हिशेब तारेपासून सुरू केला की चुकतो. तो ओव्हनच्या भिंतीपासून सुरू करावा लागतो. उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन वाटांनी कशी जाते, ते गेल्या भागात आले. या भागात त्याच तीन वाटा लक्षात ठेवून एक ओव्हन कागदावर बांधायचा आहे.

समजा, आतून ३५ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ३७ सेंटीमीटर उंच असा ४५ लिटरचा ओव्हन आहे. त्यात केक, नानकटाई, पाव भाजायचे आहेत. म्हणजे आतले तापमान जास्तीत जास्त २३० अंश सेल्सिअस. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ भरते पाऊण चौरस मीटर. भिंत म्हणजे नुसता रंग दिलेला पत्रा असेल, तर तो २३० अंशांवर ठेवण्यासाठी दोन हजार वॅटहून अधिक उष्णता सतत ओतावी लागेल. ती सगळी स्वयंपाकघरात जाईल. याच पत्र्यामागे २५ मिलिमीटर काचलोकर लावून बाहेरून दुसरा पत्रा बसवला, की गळती २७० वॅटच्या आसपास येते. लोकर ५० मिलिमीटर केली तर ती आणखी निम्मी होते. दाराची काच, बिजागऱ्या आणि फटी धरून २५ मिलिमीटरच्या लोकरीला ३०० वॅटची गळती गृहीत धरणे रास्त.

दोन हजार आणि तीनशे. एलिमेंट किती लहान होऊ शकेल, हे या दोन आकड्यांमधले अंतर ठरवते.

काचलोकरीत उष्णता अडवण्याचे काम काच करत नाही. तंतूंमध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा करते. म्हणून लोकर ठासून भरली की तिचा गुण कमी होतो. इमारतींच्या छताला वापरतात ती पिवळी लोकर ओव्हनला चालत नाही, कारण तिचे तंतू राळेने चिकटवलेले असतात. पहिल्या तापवणीतच ती राळ जळून धूर आणि वास येतो. ओव्हनसाठी राळ नसलेली, सुयांनी गुंफलेली काचतंतूंची चटई मिळते. याहून जास्त तापमानाला रॉकवूल, भट्ट्यांना सिरॅमिक तंतू. सिरॅमिक तंतूंची बारीक धूळ फुप्फुसांना घातक ठरू शकते, त्यामुळे घरगुती ओव्हनमध्ये गरज नसताना ते वापरू नयेत.

आता तापवण्याचा वेळ. ४५ लिटर हवेचे वजन जेमतेम ५४ ग्रॅम. ती २०० अंशांनी तापवायला १००० वॅटचा एलिमेंट पुरते बारा सेकंदही घेत नाही. मग ओव्हन ‘प्रीहीट’ व्हायला पंधरा मिनिटे का लागतात? कारण तापवायचे असते ते पोलाद. आतला पत्रा, जाळी आणि ट्रे मिळून आठ किलो धरले, तर ते २०० अंशांनी तापवायला ८०० किलोज्यूल लागतात. १००० वॅटमधून वाटेतली गळती वजा जाता याला साधारण साडेपंधरा मिनिटे लागतात. १५०० वॅट दिले तर दहा मिनिटे. जास्तीच्या ५०० वॅटनी साडेपाच मिनिटे वाचतात, आणि तीही फक्त सुरुवातीला. एकदा ओव्हन तापला की दोघांचेही काम तीनशे वॅटची गळती भरून काढण्याचे. तेव्हा या ओव्हनसाठी १००० वॅट पुरेसे.

घरातल्या २३० व्होल्टवर १००० वॅट म्हणजे सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह आणि ५३ ओहम रोध. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो : उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. हा रोध तांब्यातून मिळवायचा तर २८ गेजची तार सुमारे ३४० मीटर लागेल. लोखंडाचा रोध जास्त असतो, पण ते लाल तापले की गंजून तुटते. प्लॅटिनम टिकते, मात्र ते परवडणार कोणाला?

हा तिढा अमेरिकेच्या अल्बर्ट मार्श यांनी सोडवला. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट त्यांना १९०६ मध्ये मिळाले. आज नायक्रोम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मिश्रधातूत साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असते. त्याची रोधकता तांब्याच्या साठपटीहून जास्त आहे. शिवाय तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर चढतो आणि आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोहोचू देत नाही. तार गंजते, पण तो गंजच तिचे कवच बनतो. पुढे स्वीडनमध्ये हान्स फोन कान्ट्सोव यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा कांथल हा मिश्रधातू तयार केला. तो नायक्रोमहून जास्त तापमान सोसतो आणि त्यात महागडे निकेल नसते. मात्र एकदा खूप तापून थंड झाला की तो ठिसूळ होतो. जुनी कांथलची कॉइल ताणून पुन्हा बसवायला गेले तर ती हातात मोडते.

तार किती जाड घ्यावी, इथे लहानपणाच्या हव्यासाचा पहिला फटका बसतो. २६ गेजच्या नायक्रोमची ५३ ओहमसाठी सुमारे ८ मीटर तार लागते. २८ गेजची घेतली तर ५.४ मीटरमध्ये भागते. कॉइल छोटी, तारही स्वस्त. पण तारेचा पृष्ठभाग मोजला की खरे दुखणे कळते. २६ गेजमध्ये तारेच्या दर चौरस सेंटीमीटरमधून सुमारे ९ वॅट बाहेर पडतात, २८ गेजमध्ये जवळजवळ १६. तारेचा व्यास सुमारे अठरा टक्क्यांनी घटला आणि तिच्या पृष्ठभागावरचा भार पाऊणपटीहून अधिक वाढला. जेवढा भार जास्त, तेवढी तार गरम आणि तेवढे तिचे आयुष्य कमी.

जुन्या विजेच्या शेगडीत ही तार मातीच्या थाळीतल्या खाचांत उघडीच असे. उतू गेलेले दूध तिच्यावर पडे. स्टीलचा चमचा तिला लागला तर झटका. आजच्या एलिमेंटमध्ये तीच तार पोलादी नळीत बंद असते, आणि तिथे रचनेतला सगळ्यात विलक्षण पदार्थ भेटतो : मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. तिला दोन उलट कामे एकाच वेळी करायची असतात. २३० व्होल्टची वीज नळीपर्यंत पोहोचू द्यायची नाही, पण उष्णता मात्र अडवायची नाही. धातूंमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन वीज आणि उष्णता दोन्ही वाहून नेतात, त्यामुळे वीज थांबवली की सहसा उष्णताही थांबते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. उष्णता स्फटिकाच्या कंपनांतून पुढे सरकते. त्यातून या पदार्थाचा वितळणबिंदू २८०० अंशांच्या आसपास असल्याने तारेच्या लाल तापाची त्याला पर्वा नाही.

मात्र पूड सैल असेल तर कणांमधली हवा पुन्हा लोकरीसारखी वागते. नॉर्वेच्या क्रिस्टियन बाकर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात यावर नामी तोड काढली. तारेभोवती मॅग्नेशियम धातू ठेवून नळीत दाबाखाली वाफ सोडायची. धातूचे हायड्रॉक्साइड होताना ते फुगून नळी गच्च भरते, मग तापवून त्याचे ऑक्साइड करायचे. आताची पद्धत सरळ आहे. नळी उभी धरून, हादरे देत पूड भरतात आणि नंतर रोलरमधून काढून नळीचा व्यासच कमी करतात. आतली पूड दगडासारखी घट्ट होते.

आपल्या ओव्हनसाठी ८ मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर चार मिलिमीटर व्यासाच्या कॉइलचे त्यात ७०० च्या वर वेढे बसतात. दोन वेढ्यांमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर, कॉइल आणि नळी यांच्यात दीड मिलिमीटरहूनही कमी पूड. एवढ्या पातळ थरावर विजेपासूनची सगळी सुरक्षितता अवलंबून असते. कॉइल मध्यावरून थोडी सरकली, तर एका बाजूला तो थर आणखी पातळ होतो.

नळी किती लांब हवी? १००० वॅट ६६ सेंटीमीटरच्या तापणाऱ्या लांबीत बसवले, तर नळीच्या दर चौरस सेंटीमीटरवर ६ वॅट येतात. योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. सगळी उष्णता प्रारणाने जाते असे धरले, तर ३ वॅटला नळीचे तापमान ६१५ अंशांच्या आसपास येते, ६ वॅटला ७८० आणि १२ वॅटला ९८०. हवेच्या अभिसरणामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे खाली राहतात. तरीही १२ वॅटला साध्या ३०४ स्टेनलेस स्टीलवर पापुद्रे सुटू लागतील. इन्कोलॉयसारखा निकेलचे प्रमाण जास्त असलेला मिश्रधातू अधिक तग धरतो, पण केकचे काय? त्याच्यापासून वितभर अंतरावर भगभगणारी नळी असेल तर साल आधी जळते, गाभा मागे राहतो. म्हणूनच भाजणीच्या ओव्हनसाठी ६६ सेंटीमीटरच्या दोन यू आकाराच्या नळ्या घ्याव्यात, ५०० वॅटची एक वर आणि तेवढ्याच वॅटची एक खाली. आतली तार त्यानुसार वेगळी. दर चौरस सेंटीमीटरला ३ वॅट, नळीवर मंद लाली आणि भाजणी दोन्ही बाजूंनी सारखी.

नळीला बाक का येतो, तेही आता समजते. ६६ सेंटीमीटर पोलादी नळी ७५० अंशांनी तापली की ८ मिलिमीटरच्या आसपास वाढते. दोन्ही टोके घट्ट आवळली आणि मधला भागही पट्टीने जखडला, तर ही वाढ कुठेतरी वाकूनच निघणार. यू आकाराची दोन्ही टोके मागच्या भिंतीत बसवून वळणाचा भाग खाचेवर मोकळा ठेवावा.

भिंतीतून बाहेर पडतानाची जागा सगळ्यात नाजूक. नळीच्या दोन्ही टोकांना काही सेंटीमीटर कॉइल नसते. जाड पिन असते, जी फारशी तापत नाही. कॉइल संपण्याची रेषा ओव्हनच्या आतच राहिली पाहिजे. तापणारा भाग लोकरीत शिरला की त्याची उष्णता कोंडते आणि नळी नेमकी तिथेच जळते. म्हणजे लोकर २५ वरून ५० मिलिमीटर केली तर पिनही तेवढी लांब मागवावी लागते. पिनची बाहेरची टोके लोकरीने झाकायची नाहीत. त्यांना वारा लागला पाहिजे. तिथे साधी पीव्हीसी वायर जोडली तर ती नरम पडून सुटते, कारण ती ७० अंशांपुरतीच. सिलिकॉनची किंवा काचतंतूंच्या आवरणाची वायर हवी. बाहेरच्या पोलादी नळीला आणि पत्र्याला अर्थिंग हवेच.

उरतो ओलावा. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतले पाणी शोषते. टोकांची सीलिंग सुमार असेल, तर कोकणात पावसाळाभर बंद राहिलेला ओव्हन गणपतीनंतर पहिल्यांदा लावताच घरातला ईएलसीबी पडतो. तार तुटलेली नसते. ओल्या पुडीतून वीज अर्थिंगकडे झिरपत असते. चांगले कारखाने टोके सिलिकॉन किंवा इपॉक्सीने बंद करतात. तरीही ओल शिरली, तर एलिमेंट काढून दुसऱ्या भट्टीत सव्वाशे-दीडशे अंशांवर काही तास वाळवतात आणि ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून मगच पुन्हा बसवतात. ईएलसीबी पडतो म्हणून अर्थिंगची वायर काढून टाकणे हा मात्र जीवघेणा उपाय. नळीत बंद एलिमेंटसाठी भारतीय मानक आहे आयएस ४१५९; खरेदी करताना तो क्रमांक विचारावा.

कागदावरचा ओव्हन असा तयार झाला : १००० वॅट, गळती ३००. म्हणजे २३० अंशांवर पोहोचल्यानंतर रिकाम्या ओव्हनमध्ये एलिमेंट तासातली जेमतेम अठरा मिनिटे चालू राहणार आणि उरलेला वेळ बंद. ही चालू-बंद कोण करते, ती उशिरा झाली तर तापमान किती अंशांनी वर-खाली होते आणि बटणावरचा आकडा व आतले तापमान यांत फरक का पडतो, ते पुढच्या भागात : थर्मोस्टॅट.