पोट दुखते, पण कारण पोटात नसते

शाळेची वेळ झाली की पोट दुखते, रविवारी मात्र दुखत नाही, अशी तक्रार घेऊन माळशिरस परिसरातील पालक अनेकदा माझ्याकडे येतात. जंत, बद्धकोष्ठ असे काही आढळले नाही, तर मी मुलाशी निवांत बोलतो. पूर्वी अशा वेळी गणिताची किंवा मारकुट्या वर्गमित्राची भीती निघायची. आता कधी कधी मोबाइल निघतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिणवणे, फोटो बिघडवून पसरवणे, मुलीच्या नावाने खोटे खाते उघडणे, हा सायबर छळ होय.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आला. त्याच वर्षी एनसीईआरटी व युनेस्कोने ऑनलाइन छळाविषयी पुस्तिका काढली. वर्गातले चिडवणे शाळा सुटली की थांबते. हा छळ अंथरुणातही पाठ सोडत नाही.

लक्षणे : झोप न लागणे, भूक मंदावणे, वारंवार डोके दुखणे, मोबाइल वाजताच दचकणे, मित्र टाळणे, गुण एकाएकी घसरणे. 'मी नसलेलोच बरा' असे मूल बोलल्यास त्याला एकटे सोडू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उपाय : मुले घरी का सांगत नाहीत? मोबाइल काढून घेतील आणि वर आपल्यालाच रागावतील, ही भीती असते. म्हणून पालकांनो, आधी ऐकून घ्या. 'तूच काहीतरी केले असशील' हे वाक्य टाळा. उलट उत्तर देऊ नका. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा, मग त्या व्यक्तीला ब्लॉक करून मुख्याध्यापकांना भेटा. छळणारा विद्यार्थीही मूलच आहे. त्याच्या पालकांना बोलावून समज द्यावी, चारचौघांत मारझोड नको.

फोटो अश्लील असेल तर तो नातेवाइकांनाही पाठवू नका. थेट पोलिसांकडे जा. बालकाचे असे चित्र पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा असून पहिल्या खेपेला ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली मानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

एक आग्रहाची विनंती. फोटो पसरला म्हणून मुलीची शाळा बंद करू नका, घाईने लग्नही उरकू नका. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, असे होता कामा नये. ती पुन्हा मैत्रिणींबरोबर वर्गात बसू लागली, की तिची भूक आणि झोप हळूहळू परत येते. त्या काळात औषधापेक्षा घरच्यांचा धीर जास्त उपयोगी पडतो.