जर्मनीतलं ‘फुकट’ शिक्षण: आठ गैरसमज आणि खरा हिशेब

‘जर्मनीत फी नसते’ हे वाक्य आज पुण्या-नाशिकपासून लातूर-कोल्हापूरपर्यंत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेलं असतं. त्याचा परिणामही दिसतो. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचाच होता.

हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. जर्मनीत फीचा आकडा लहान असतो. राहण्या-जेवण्याचा, विम्याचा आणि भाड्याचा आकडा लहान नसतो. शिवाय घरोघरी ओढाताण होते ती बहुधा रकमेपेक्षा तारखांमुळे. एकूण किती लागणार याचा अंदाज पालकांना असतो, पण त्यातला निम्मा पैसा मुलगा विमानात बसण्याआधीच मोकळा हवा हे उशिरा कळतं. मास्टर्सला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भात, हिशेबाला सोपं पडावं म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरून, नेहमीचे गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १: जर्मनीत कुठेही प्रवेश घ्या, फी शून्य.

वस्तुस्थिती: सर्वसाधारण फी रद्द करण्याचं काम जर्मन राज्यांनी २०१४ पर्यंत पूर्ण केलं. पण तिथे उच्च शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि प्रत्येक राज्य आपला नियम करतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. मुंबईचं भगिनी शहर असलेलं श्टुटगार्ट याच राज्यात येतं. हायडेलबर्ग, कार्ल्सरूह आणि फ्रायबुर्गही. चार सत्रांचे झाले ६,००० युरो, म्हणजे ६ लाख रुपये.

बव्हेरियाने विद्यापीठांना अशी फी लावायची मुभा दिल्यावर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो आकारायला सुरुवात केली. तिथे दोन वर्षांची फीच १६ ते २४ लाखांवर जाते. खासगी विद्यापीठांची फी तर पूर्णपणे वेगळी. ‘जर्मनी’ हा शब्द ऐकून सही करण्याआधी संस्था सरकारी आहे की खासगी, हे पाहावं. कन्सल्टंट एखाद्या खासगी संस्थेचा फार आग्रह धरत असेल, तर त्याला तिच्याकडून कमिशन मिळतं का, हे सरळ विचारावं.

फी नसली तरी प्रत्येक सत्राला ‘सेमिस्टर काँट्रिब्युशन’ भरावंच लागतं. विद्यापीठानुसार ते साधारण १०० ते ४०० युरो असतं. त्यात अनेकदा बस-ट्रेनचा पास येतो, त्यामुळे हे पैसे सहसा अंगावर पडत नाहीत.

गैरसमज २: ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे दाखवण्यापुरते लागतात; मामाकडून महिनाभर उसने घेऊ.

वस्तुस्थिती: व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्याचा खर्च या खात्यात आधीच जमा करावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. ते पैसे विद्यार्थ्याचेच राहतात, कोणी कापून घेत नाही, फक्त सेवाशुल्क वेगळं द्यावं लागतं. पण खातं नावाप्रमाणे खरोखर बंद असतं. विद्यार्थी तिथे पोहोचून औपचारिकता पूर्ण झाल्यावर दरमहा ९९२ युरो सुटतात. व्हिसा मिळाला की पैसे काढून मामाला परत, असा मार्ग यात नाही. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते, मात्र जाता-येता विनिमय दरातला फरक सोसावा लागतो.

हा फरक किती असू शकतो? २०२५ च्या सुरुवातीला युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो १०३ च्या घरात गेला. तेच ११,९०४ युरो भरायला आधी पावणेअकरा लाख पुरले असते, नंतर सव्वाबारा लाख लागले. म्हणून आजच्या दरावर किमान पाच-सात टक्के जास्त धरूनच बजेट मांडावं.

गैरसमज ३: ९९२ युरो सरकारनेच ठरवलेत, म्हणजे तेवढ्यात महिना भागतो.

वस्तुस्थिती: ही व्हिसासाठीची किमान अट आहे. ती सगळ्या देशाला एकच आहे, घरभाडं मात्र शहरागणिक बदलतं. म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधल्या एका खोलीचं भाडं सरासरी ८०० युरोंच्या आसपास आहे. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला सुमारे १५० युरोंचा. दोन्ही मिळून ९५०. उरलेल्या ४२ युरोंत महिनाभराचं जेवण भागत नाही. पूर्वेकडच्या केमनिट्ससारख्या शहरात तशीच खोली ३०० च्या आसपास मिळते आणि तिथे ९९२ युरोंत नीट राहता येतं. दोन वर्षांत या एका फरकाने १२ लाख रुपये वाचतात किंवा जातात. तेव्हा विद्यापीठ निवडताना रँकिंगच्या शेजारी त्या शहराचं खोलीभाडं लिहून ठेवावं. विद्यार्थी वसतिगृहं स्वस्त असतात, पण मोठ्या शहरांत त्यांची प्रतीक्षा यादी लांब असते. प्रवेशाची वाट न पाहता अर्ज करता येत असेल तर लगेच करावा.

जाहिरातीतलं भाडं ‘काल्टमीटे’ आहे की ‘वार्ममीटे’ हेही बघावं. पहिल्यात हीटिंग आणि इतर आकार धरलेले नसतात. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे. सार्वजनिक प्रसारणाची १८.३६ युरोंची मासिक वर्गणी घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागते. पण ती घरामागे एकच असते, त्यामुळे फ्लॅटमधले सगळे मिळून वाटून घेतात. तिशी ओलांडलेल्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळत नाही. नोकरी करून मग शिकायला जाणाऱ्यांनी हा खर्च आधीच विचारून घ्यावा.

गैरसमज ४: पार्टटाइम काम केलं की सगळं निघतं.

वस्तुस्थिती: मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आधी ही मर्यादा १२० आणि २४० होती. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आणि ‘मिनीजॉब’ची, म्हणजे मर्यादित कमाईच्या छोट्या नोकरीची, मासिक कमाल ६०३ युरो आहे. म्हणजे आठवड्याला दहा तास काम केलं तर ६०० युरोंच्या आसपास हाती येतात. स्वस्त शहरात भाडं आणि किराणा यातून निघतो.

मात्र तीन अडचणी आहेत. पहिली, व्हिसाच्या वेळी ‘पुढे कमावीन’ हे उत्तर चालत नाही. पैसे आधी दाखवावे लागतात. दुसरी, काम मिळायला वेळ लागतो. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यालाही दुकानात किंवा कॅफेत उभं राहायचं तर कामापुरती जर्मन लागतेच. जाण्याआधी बी-१ पातळीपर्यंत भाषा शिकण्यावर केलेला खर्च इथे भरून निघतो. तिसरी, निवास परवान्यात नोकरीची मुभा असते, स्वतंत्र व्यवसायाची नसते. फ्रीलान्स स्वरूपाचं काम वेगळ्या परवानगीशिवाय घेतलं तर परवानाच अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे बजेटमध्ये पहिल्या सहा महिन्यांची कमाई शून्य धरावी. पुढे मिळेल ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवावी.

गैरसमज ५: परदेशी पैसे पाठवले की सरकार टीसीएसच्या नावाखाली कापून घेतं, ते गेलेच.

वस्तुस्थिती: टीसीएस हा आगाऊ जमा होणारा कर आहे. विवरणपत्र भरताना तो तुमच्या कराच्या देण्यात वळता होतो. जास्त झाला तर परतावा मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. मान्यताप्राप्त बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर १० लाखांच्या वरही लागत नाही. स्वतःच्या पैशांतून शिक्षणासाठी १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर २०२५-२६ मध्ये दर ५ टक्के होता. दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून पैसे पाठवताना त्या वर्षाचा दर बँकेत विचारावा.

बारा लाख पाठवले तर ५ टक्क्यांनी दोन लाखांवरचे १० हजार कापले जात. मर्यादा प्रत्येक पॅनला स्वतंत्र असल्याने आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून भाग करून पाठवले तर तेही टळतं. बँकेच्या फॉर्मवर उद्देश ‘शिक्षण’ असाच नोंदवला आहे ना, हे स्वतः पाहावं. राहण्या-जेवणाचा खर्चही शिक्षणाच्याच उद्देशात धरला जातो. चुकून ‘नातेवाइकांचा निर्वाह’ असं नोंदलं गेलं तर १० लाखांवरच्या रकमेला कितीतरी चढा दर लागतो.

गैरसमज ६: कर्जाचे हप्ते नोकरीनंतर, तोवर काही भरायचं नाही.

वस्तुस्थिती: हप्ते नोकरीनंतर सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या वितरणापासून चढतं. समजा २० लाख एकरकमी घेतले, दर १० टक्के, सरळ व्याज, आणि सवलतीचा काळ अभ्यासक्रमाची दोन वर्षं अधिक सहा महिने. तोवर ५ लाख व्याज साचतं आणि हप्ता २५ लाखांवर बसतो: दहा वर्षांसाठी दरमहा सुमारे ३३ हजार. अभ्यास चालू असताना घरच्यांनी दरमहा साडेसोळा हजारांच्या आसपास व्याज भरत ठेवलं, तर तोच हप्ता साडेसव्वीस हजारांच्या आत राहतो.

आयकरातली ८०-ई ची वजावट फक्त व्याजावर आहे, आठ वर्षांपर्यंत मिळते आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडलेल्या पालकांना तिचा उपयोग नाही. बँकेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: ब्लॉक्ड अकाउंटची पूर्ण रक्कम कर्जातून मिळेल का, आणि आपला वाटा किती घालावा लागेल. फी जवळपास नसलेल्या अभ्यासक्रमात कर्जाचा बहुतेक भाग राहण्याच्या खर्चासाठीच लागतो. बँकेने त्यावर मर्यादा घातलेली असेल तर मंजुरीपत्रावरचा मोठा आकडा कामाचा राहत नाही.

गैरसमज ७: एकदा तिथे गेलं की शिष्यवृत्त्या भरपूर.

वस्तुस्थिती: मोठ्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज इथूनच, बहुधा वर्षभर आधी करावे लागतात. ‘डाड’ या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती चांगली आहे, पण तिच्या मुदती विद्यापीठाच्या प्रवेशाच्या कितीतरी आधी संपतात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. जर्मनीत घेतलेला प्रवेश त्या यादीत बसतो का, हे आधी तपासावं. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत कर्जशिष्यवृत्ती आहे, म्हणजे ती परत फेडायची असते. तिथे गेल्यावर मिळू शकणारी प्रमुख शिष्यवृत्ती म्हणजे ‘डॉइचलांडश्टिपेंडियम’: महिन्याला ३०० युरो, राष्ट्रीयत्वाची अट नाही, निवड गुणवत्तेवर. मिळाली तर आनंद, पण न मिळालेली शिष्यवृत्ती बजेटच्या जमेत लिहू नये.

गैरसमज ८: दोन वर्षांचा कोर्स, दोन वर्षांचं बजेट.

वस्तुस्थिती: चार सत्रांचं मास्टर्स चार सत्रांत संपेलच असं नाही. प्रबंध लांबतो, एखादी परीक्षा राहते, मध्ये इंटर्नशिप येते आणि पाचवं सत्र उजाडतं. एका सत्राचा खर्च सव्वासहा लाखांच्या आसपास. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो. त्या काळात घरभाडं आणि विमा चालूच राहतो. हा परवाना नोकरीची हमी नाही, फक्त शोधायची मुदत आहे.

पैसा कोणत्या महिन्यात लागतो?

आता हे सगळं कॅलेंडरवर ठेवू. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमारास एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, १८ हजार रुपये आणि इंग्रजीच्या परीक्षेची फी लागते. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस सक्तीचं आहे. पुढच्या काही महिन्यांत अर्ज: अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. सर्वसाधारण मुदत १५ जुलै, पण अनेक इंग्रजी अभ्यासक्रमांची मुदत बरीच आधी संपते. जून-जुलैत ब्लॉक्ड अकाउंटचे बारा लाख, त्यापाठोपाठ ७५ युरो व्हिसा फी आणि विमानाचं तिकीट.

तिथे उतरल्यावर अनामत, पहिलं भाडं आणि सत्राचं शुल्क एकदम द्यावं लागतं; ९९२ युरोंचा पहिला हप्ता यायला काही आठवडे जाऊ शकतात. म्हणून फोरेक्स कार्डवर वेगळे १,५०० ते २,००० युरो ठेवावेत. पुढे निवास परवाना वाढवताना नंतरच्या काळाची आर्थिक सोय पुन्हा दाखवावी लागते.

बेरीज अशी: फी नसलेल्या सरकारी विद्यापीठात, मध्यम भाड्याच्या शहरात, चार सत्रांना साधारण २७ लाख, पाचवं सत्र धरलं तर ३३ लाखांच्या आसपास. यातले चौदा-पंधरा लाख निघण्याआधी किंवा पोहोचताच लागतात. कर्ज किती घ्यायचं हे या दोन आकड्यांवरून ठरवावं. पहिल्या वर्षाचा पैसा कमाईच्या भरवशाविना उभा राहत असेल आणि पाचव्या सत्राची तरतूद कागदावर दिसत असेल, तर जर्मनी खरोखर स्वस्त पडते. यातलं एकही नसेल तर वर्षभर नोकरी करून, जर्मन शिकून पुढच्या ऑक्टोबरला जावं. प्रवेश पुन्हा मिळवता येतो. पहिल्याच सत्रात अंगावर आलेलं महागडं खासगी कर्ज मात्र फेडत बसावं लागतं.