घराण्यात कुणाला कोड आहे का?

लग्न जुळवताना पत्रिका, पगार आणि फ्लॅट यांची चौकशी उघडपणे होते. कोडाची मात्र दबक्या आवाजात, तीही तिसऱ्याच नातेवाइकाकडे. आत्याच्या मानेवर पांढरा डाग आहे, एवढ्या बातमीवर भाचीचं स्थळ मोडतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) हा चित्रपट याच प्रश्नाभोवती फिरतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन इतकी वर्षं त्याच्याशीच झुंजते आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या रिचर्ड स्प्रिट्झ यांच्या गटानेही हजारो रुग्णांना हाच प्रश्न विचारला. त्यांना मिळालेलं उत्तर आपल्याकडच्या मध्यस्थांना फारसं सोयीचं नाही.

कोड जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला कोड असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे धोका वाढतो, पण शंभरातले चौऱ्याण्णव जण सुटतातच. एकाच बीजातून जन्मलेल्या, सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला कोड असला तर दुसऱ्याला तो सुमारे २३ टक्के वेळाच आढळला. तेव्हा ‘आनुवंशिक आहे का’ याला ‘हो’ म्हणणं अर्धवट आणि ‘नाही’ म्हणणं चूक.

ही जनुकं नेमकी कोणती? २००७ मध्ये एनएलआरपी-१ हे पहिलं ठळक नाव पुढे आलं. २०१० मध्ये संपूर्ण जनुकसंच चाळणारा मोठा अभ्यास झाला आणि २०१६ पर्यंत जनुकसंचातल्या कोडाशी जोडलेल्या जागांची यादी ५०च्या घरात गेली. रंग बनवणारी जनुकं त्यात मोजकीच आहेत. बाकीची बहुतेक प्रतिकारशक्तीची: आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणारी एचएलए जनुकं, टी पेशींना आवर घालणारी जनुकं वगैरे. कोड दिसतो कातडीवर, पण तो प्रतिकारशक्तीचा आजार आहे, हे या यादीने पक्कं केलं. म्हणूनच कोड असलेल्यांच्या घरांत थायरॉइडचा आजार, टाइप-१ मधुमेह किंवा संधिवात जास्त आढळतो. जाणता त्वचारोगतज्ज्ञ थायरॉइडची तपासणी लिहून देतो ती यामुळेच. ‘घराण्यात थायरॉइड आहे का’ असं मात्र कोणी दबक्या आवाजात विचारत नाही.

यादीतलं सर्वांत बोलकं जनुक टायरोसिनेजचं. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होतं ते या विकराच्या जोरावर. युरोपीय वंशाच्या लोकांत या जनुकाचं जे रूप कोडाचा धोका वाढवतं, तेच मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका कमी करतं. रंगपेशींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी प्रतिकारशक्ती बिघडलेल्या रंगपेशी लवकर टिपते, आणि कधी चांगल्याही टिपते. मेलॅनोमाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारी औषधं दिल्यावर अंगावर पांढरे डाग उठले, तर कर्करोगतज्ज्ञ ते शुभचिन्ह मानतात. ज्याला आपण ‘घराण्यातला दोष’ म्हणतो त्याची ही दुसरी बाजू लग्नाच्या बोलणीत कधी निघत नाही.

रंगपेशींना मारतं कोण, याचा निर्वाळा २००९ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका प्रयोगाने दिला. संशोधकांनी डागाच्या कडेच्या त्वचेतून टी पेशी वेगळ्या काढल्या आणि त्याच रुग्णाच्या धडधाकट त्वचेच्या तुकड्यात सोडल्या. सीडी-८ प्रकारच्या टी पेशींनी तिथल्या रंगपेशी शोधून मारल्या. पुढचा दुवा उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडला. टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्यामुळे आसपासच्या साध्या त्वचापेशी सीएक्ससीएल-१० नावाचा रासायनिक सांगावा धाडतात आणि आणखी टी पेशी तिथे धावून येतात. डाग कडेकडेने पसरतो तो असा.

पण ठिणगी कुठे पडते? परकराची नाडी जिथे काचते तिथे, कोपरावर, खरचटलेल्या जागी नवा डाग उमटताना दिसतो. आपल्याकडे याहून ओळखीची जागा म्हणजे कपाळ. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल असलं, तर काही जणींच्या भुवयांमध्ये टिकलीएवढाच गोल पांढरा डाग पडतो. रबरी चपलेमुळे पट्ट्याच्या आकाराचा. अमेरिकेत १९३९ मध्ये चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात रबरी हातमोज्यांतल्या अशाच एका रसायनाने पांढरे पडल्याची नोंद आहे. जपानमध्ये तर २०१३ साली गोरेपणासाठी विकली जाणारी प्रसाधनं बाजारातून परत घ्यावी लागली. त्यांतल्या रोडोडेंड्रॉलने हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, हातांवर डाग पडले होते. या रसायनांची ठेवण मेलॅनिनचा कच्चा माल असलेल्या टायरोसिनशी मिळतीजुळती. रंगपेशी फसून त्यांच्यावर प्रक्रिया करते, आतल्या आत ताणाखाली येते आणि संकटाचे इशारे सोडते. टी पेशी ते ऐकतात. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड होतो, या समजाला मात्र कसलाही आधार नाही. तो अजून घरोघर नांदतो, आणि आधीच पिचलेल्या माणसाच्या ताटावर पथ्यांची भर पडते.

उपचारांकडे येऊ. बावची लावून उन्हात बसणं हा आयुर्वेदातला जुना उपाय. बावचीत सोरालेन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं द्रव्य असतं. १९४०च्या दशकात कैरोतले डॉ. एल मोफ्टी यांनी तिथल्या एका वनस्पतीतून मिळालेलं त्याच कुळातलं द्रव्य कोडासाठी वापरलं. आज भर आहे तो ३११ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर, आठवड्याला दोन-तीनदा आणि कित्येक महिने. तालुक्याच्या गावातून रोजगार बुडवून शहरात येणाऱ्याला हे परवडणं कठीण, आणि उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुधा इथेच. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब मलमाला मान्यता मिळाली. इंटरफेरॉनचा निरोप पेशीत पोचवणारे जेएके विकर ते अडवतं. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा कोड तीन-चतुर्थांश किंवा अधिक भरून आला.

उपचार थांबवल्यावर डाग पुष्कळदा पूर्वीच्याच जागी परततो, कारण काही टी पेशी स्मृती घेऊन त्वचेतच मुक्काम ठोकतात. त्यांना जगवणारा इंटरल्युकिन-१५चा पुरवठा तोडता येईल का, यावर आता संशोधकांचं लक्ष आहे. रंग परततो तो केसांच्या मुळांशी राखीव असलेल्या पेशींतून. आधी ठिपके ठिपके दिसतात, मग ते जुळत जातात. बोटांची टोकं, तळहात आणि ओठ यांना केस नाहीत, म्हणून तिथे प्रकाश आणि मलम दोन्ही हतबल ठरतात. अशा ठिकाणी मांडीच्या त्वचेतून रंगपेशी काढून डागावर रोवतात. पण डाग निदान वर्षभर वाढलेला नसला तरच. तो पसरत असताना रोवलेल्या पेशी त्याच टी पेशींच्या तावडीत सापडतात.