टपाल तिकिटावरील नाटककार

भारतीय टपाल खात्याने १९६० साली कालिदासाच्या स्मरणार्थ दोन तिकिटे काढली. १५ नव्या पैशांच्या तिकिटावर मेघाची विनवणी करणारा यक्ष आहे, तर १ रुपया ३ नव्या पैशांच्या तिकिटावर दुष्यन्ताला पत्र लिहिणारी शकुंतला. कवीची मुखाकृती मात्र दोहोंवर नाही. कालिदासाचे विश्वसनीय चित्र उपलब्धच नाही, हे त्याचे एक कारण खरे. पण ते पुरेसे नव्हे. १९५२ च्या मालिकेत कबीर, तुलसीदास, सूरदास आणि मीरा यांना गालिब व रवीन्द्रनाथ यांच्याबरोबरीने मुद्रा लाभल्या होत्याच, आणि त्यांपैकी संतकवींच्या मुद्रा परंपरेने कल्पिलेल्या होत्या. कालिदासालाही अशी एखादी मुद्रा देता आली असती. ती न देता त्याच्या कृतींतील प्रसंग निवडणे, हा एक वाङ्मयीन निर्णयच होय.

या निर्णयात औचित्य आहे. यक्ष आणि शकुंतला दोघेही संदेश पाठवू पाहतात. टपालाच्या तिकिटाला याहून समर्पक विषय कोणता? तथापि शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकातील हे पत्र रवाना होतच नाही. प्रियंवदा पत्राची कल्पना काढते, फुलांत लपवून ते राजाकडे पोहोचविण्याची युक्तीही तीच सुचविते. लेखनसाहित्य जवळ नाही, तेव्हा कमलपत्रावर नखांनी अक्षरे कोरायची असे ठरते. शकुंतला मजकूर सख्यांना वाचून दाखविते आणि आडोशाला उभा राहून ऐकणारा दुष्यन्त पुढे येतो. पत्राचे काम वाचनातच संपते. या प्रसंगाचे नाट्य लिहिण्यात नाही, चोरून ऐकण्यात आहे. चित्रकाराने राजाला वेलींमागे उभे केले तरी तो काय ऐकतो आणि कोणत्या क्षणी पुढे येतो, हे चित्रात कसे यावे?

शिवाय पुढील कथानकात या पत्राला स्थान नाही. पाचव्या अंकात राजा शकुंतलेला नाकारतो तेव्हा तिला आधार वाटतो तो मुद्रिकेचा, आणि तीच हरवलेली असते. नाटकाचे नावच त्या खुणेवरून पडले आहे. असे असता चित्रासाठी पत्रलेखनच का निवडले जाते? राजा रविवर्म्याने हाच प्रसंग रंगविला होता, आणि मोनियर विल्यम्सच्या इंग्रजी भाषांतराच्या एका आवृत्तीला ते चित्र मुखचित्र म्हणून लाभले. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतला’पासून मराठी रंगभूमीने या नायिकेवर अलोट प्रेम केले, पण तेथेही प्रेक्षकांच्या मनात ठसली ती सुकुमार शकुंतलाच. भर दरबारात राजाला अनार्य म्हणणारी शकुंतला अद्याप चित्रकारांची फारशी लाडकी झालेली नाही. तिकिटानेही कालिदासातील कवीलाच वंदन केले. नाटककार थोडा मागेच राहिला. दोहोंपैकी स्वस्त तिकीट तर नाटकाचे नव्हेच, ते ‘मेघदूता’चे आहे!

ब्रिटनमध्ये पेच वेगळ्या प्रकारचा होता. तेथील तिकिटावर राज्यकर्त्याखेरीज अन्य व्यक्तीची मुद्रा छापण्याचा प्रघात नव्हता. १९६४ मध्ये शेक्सपिअरच्या जन्माला ४०० वर्षे झाली, तेव्हा व्यक्तीऐवजी ‘शेक्सपिअर महोत्सवा’चे निमित्त पुढे करून तो प्रघात मोडण्यात आला. डेव्हिड जंटलमन यांनी रेखाटलेल्या चार तिकिटांवर राणीच्या मुद्रेबरोबर शेक्सपिअरची मुद्रा आली, आणि तिच्यासोबत बॉटम व पक, फेस्टे, रोमिओ-ज्यूलिएट, पाचवा हेन्री यांची दृश्ये. कालिदासाच्या बाबतीत नसलेली सोय येथे होती: १६२३ च्या फोलिओतील ड्रोशूटकृत चित्रामुळे शेक्सपिअरचा चेहरा सर्वपरिचित झालेला होता.

पाचवे, अडीच शिलिंगांचे तिकीट ख्रिस्टोफर व रॉबिन आयरनसाइड या बंधूंचे. त्यावर नाटककाराची मुद्रा नाही. योरिकची कवटी न्याहाळणारा हॅम्लेट आहे. पाचांत हेच तिकीट सरस. हॅम्लेट ज्याच्याशी बोलतो तो उत्तर देणार नाही आणि आडून ऐकून पुढेही येणार नाही; म्हणून हा प्रसंग चित्रात स्थिर झाला तरी त्याचे नाट्य उणावत नाही. शकुंतलेच्या पत्राला ऐकणारा हवा असतो.