बाटलीवरची तारीख आणि बाटलीतली लस

जानेवारी 2022 मधला गोंधळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. 3 तारखेला 15 ते 18 वर्षांच्या मुलांना कोव्हॅक्सिन द्यायला सुरुवात झाली, आणि मुलांना मुदत संपलेली लस टोचतायत अशी बातमी पसरली. पालक घाबरले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. खरी गोष्ट अशी की केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर 2021 मध्येच या लसीची मुदत 9 महिन्यांवरून 12 महिने केली होती. कोव्हिशिल्डची तर त्याआधी, फेब्रुवारीतच, 6 वरून 9 महिने झाली होती.

आता कुणी म्हणेल, मुदत अशी वाढवता येते? येते. नवी लस आली की कंपनी तिचे नमुने ठरलेल्या तापमानात ठेवून ठरावीक काळाने तपासते. जितक्या महिन्यांचा पुरावा हातात, तितकीच मुदत मिळते. पुरावा वाढला की मुदत वाढू शकते. पण ते नियंत्रकांनी ठरवायचं. ‘आठच दिवस तर झालेत’ असं म्हणून दवाखान्याने ठरवायचं नाही. आणि मुदत वाढली असेल तर समोरच्या आईला ते आधी सांगायचं, तिने विचारायची वाट बघायची नाही.

आम्ही प्रशिक्षणाला जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. लेबलवर नुसता महिना आणि वर्ष असेल तर? त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत लस चालते. हे सोपं झालं.

अवघड पुढे आहे. छापलेली तारीख खरी धरायची ती लस सांगितलेल्या तापमानात राहिली असेल तरच, म्हणजे बहुतेक लसींसाठी 2 ते 8 अंश सेल्सिअस. उष्णता किती लागली हे बाटलीवरचा व्हीव्हीएम सांगतो. गोलातला चौकोन फिकट असेल तर ठीक. तो गोलाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की लस बाद, तारीख पुढच्या वर्षीची असली तरी! मात्र लस गोठली होती का, हे व्हीव्हीएमला कळत नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की वाया गेल्या. छोट्या दवाखान्यात घरगुती फ्रिज असतो, त्यात बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेले खोके आम्ही पाहिलेत. ‘जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज फार चिवट आहे. दाराचा कप्पाही लसीसाठी नाही, दार उघडलं की तिथलं तापमान आधी चढतं.

बाटली उघडली की आणखी एक घड्याळ सुरू होतं. सरकारी कार्यक्रमात पेंटाव्हॅलंट किंवा टीडीची उघडलेली बाटली 28 दिवस वापरता येते, पण ती नीट थंड राहिलेली हवी, व्हीव्हीएम ठीक हवा आणि उघडल्याची तारीख-वेळ वर लिहिलेली हवी. समजा बाटली 5 जूनला उघडली. 28 दिवस 3 जुलैला भरतात, पण लेबलवर जूनअखेरची मुदत आहे. मग 30 जूनलाच थांबायचं. जी तारीख आधी येते ती पाळायची.

बीसीजी आणि गोवर-रुबेलाचं तसं नाही. द्रावण मिसळल्यावर फार तर 4 तास, किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. वेळ बाटलीवरच लिहा, डोक्यात ठेवू नका. उरलेली लस उद्यासाठी ठेवली तर तिच्यात जंतू वाढू शकतात आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. इथे काटकसर अजिबात नको. एकच मूल आलं म्हणून बाटली उघडायची नाही, हेही आम्हाला पटत नाही. परत पाठवलेलं मूल पुन्हा येईलच असं नाही. आणि द्रावणाच्या बाटलीवरही मुदत असते बरं का, ती बघायची राहून जाते.

मांडणीचं म्हणाल तर आधी संपणारी लस पुढे, नंतर संपणारी मागे. पण नुसत्या तारखेवर जाऊ नका. ज्या बाटलीचा चौकोन गडद व्हायला लागलाय पण अजून वापरण्याजोगा आहे, ती सगळ्यात आधी काढा. बाद झालेली बाटली चांगल्या लसींसोबत एक दिवसही ठेवू नका. वेगळी काढा, नोंद करा. गर्दीच्या सत्रात हात सवयीनेच फ्रिजमध्ये जातो, आणि तो कुठल्या बाटलीवर पडेल हे त्या क्षणी कुणी बघत नसतं.